गृहीत धरलेलं कार्ड

बोर्डाची नक्कल करणाऱ्या क्यूएमू या सॉफ्टवेअरमध्ये एसडी कार्ड जोडताना ते एसडी मानकाच्या कोणत्या आवृत्तीचं हवं, हे सहसा कुणी लिहीत नाही. बोर्ड कामशेतला माझ्या टेबलावर येण्याआधी त्याचं सॉफ्टवेअर मी क्यूएमूवर चालवून पाहतो, तेव्हा कार्ड मीही गृहीतच धरतो. म्हणून तिथला डिफॉल्ट बदलणं मला मोठ्या जबाबदारीचं काम वाटतं. ज्यांनी काहीच मागितलेलं नाही, त्यांच्यासाठी तो निर्णय असतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या क्यूएमू ९.१ मध्ये हा डिफॉल्ट २.०० वरून ३.०१ झाला. नवे कंट्रोलर कार्डाशी ३.३ ऐवजी १.८ व्होल्टवर बोलायला बघतात आणि ती बोलणी ३.०१ चं कार्डच करू शकतं. वेग वाढला की सिग्नल नेमका कुठल्या क्षणी वाचायचा हेही ठरवावं लागतं. त्यासाठी ड्रायव्हर सीएमडी १९ ही आज्ञा पाठवतो आणि कार्ड ठरलेला ६४ बाइटांचा नमुना परत देतं. क्यूएमूचं २.०० चं कार्ड या आज्ञेला बेकायदा म्हणून नाकारतं. मग ड्रायव्हरचा तेवढा भाग चाचणीत कधी धावतच नाही, आणि त्यातली चूक थेट बोर्डावर भेटते.

तरीही मला या बदलातला संयम जास्त भावतो. क्यूएमूतल्या ज्या यंत्रांच्या नावातच क्यूएमूची आवृत्ती असते, त्यांपैकी ९.० आणि त्याआधीच्यांना २.०० चंच कार्ड मिळत राहतं. कारण चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना आतल्या कर्नलने कार्डाची ओळख आधीच वाचलेली असते; ती मध्येच बदलून चालत नाही. भातातही असंच झालं: वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी तांदूळ आला, म्हणून उभं आंबेमोहोर कुणी उपटलं नाही. नवी लावणी तेवढी इंद्रायणीची होत गेली.

रास्पबेरी पायसारख्या बोर्डांच्या नावात मात्र क्यूएमूची आवृत्ती नसते. त्यांना नवं कार्ड लगेच मिळतं. म्हणून ड्रायव्हर तपासताना मी कार्डाची आवृत्ती आता स्पष्ट लिहितो: एकदा २, एकदा ३. ग्राहकाच्या हाती दोन्ही पिढ्यांची कार्डं असतात. डिफॉल्ट ठरवणाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलं. आपलं सॉफ्टवेअर कोणत्या कार्डावर तपासलं, हे सांगता येणं आपल्याकडे उरतं.