२८ जिंकल्या, तरी वेटिंग!

मार्च म्हटलं की आपल्याला काय आठवतं? अप्रेझलचा फॉर्म, टॅक्स सेव्हिंगच्या पावत्या आणि बॉसचा बदललेला मूड! अमेरिकेत मात्र मार्च म्हणजे कॉलेज बास्केटबॉल. नावच 'मार्च मॅडनेस'. रिसेप्शनवरच्या मुलीपासून व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत सगळे जण स्पर्धेचा तक्ता छापून घेतात, कोण कुणाला हरवणार ते पेनाने भरतात आणि मग तीन आठवडे कामाच्या नावाने बोंब.

मी तिकडे जवळजवळ चार वर्षं काढली. स्पर्धेत सगळ्यांना दिसतात ते ड्यूक, केंटकी, कॅन्सससारखे बडे संघ. मला वेड लागलं ते स्पर्धेच्या आधीच्या पंधरा दिवसांचं आणि त्यातही छोट्या संघांचं. कारण अगदी साधं आहे. मी अकोल्याचा, आमचं इंजिनीअरिंग कॉलेजही छोटंच. दाराबाहेर उभं राहून आत बोलावण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आधी थोडा फंडा क्लिअर करू. अमेरिकेत पहिल्या दर्जाच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. ते 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेले असतात. २०२४ च्या स्पर्धेत जागा होत्या ६८. त्यातल्या ३२ जागा ३२ कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळाल्या. उरलेल्या ३६ जागा एका समितीने बंद खोलीत बसून वाटल्या. या जागांना म्हणतात 'ॲट-लार्ज'.

मोठ्या कॉन्फरन्समध्ये दहा मॅच हरूनही ॲट-लार्जमध्ये आरामात शिरता येतं. छोट्यांचं तसं नसतं. तिथे बहुतेक वेळा एकच जागा, ती म्हणजे विजेत्याची. आणि विजेता ठरतो मार्चमधल्या तीन-चार दिवसांच्या छोट्या स्पर्धेत! नोव्हेंबरपासून तुम्ही सगळ्यांना धुतलं असलं, तरी त्या शनिवार-रविवारी एकाचा घोटा मुरगळला की संपलं. चार महिन्यांचा अभ्यास आणि मार्क फक्त शेवटच्या पेपरला, असा प्रकार.

याची दुसरी बाजूही धमाल आहे. जो संघ कुणाच्या खिजगणतीत नसतो, तोही तीन दिवस चांगला खेळून आत येऊ शकतो. २०२३ मध्ये न्यू जर्सीचं फेअरले डिकिन्सन तर स्वतःच्या कॉन्फरन्सची फायनल हरलं होतं. पण जिंकलेलं मेरिमॅक खालच्या दर्जातून नुकतंच वर आलेलं, त्यामुळे नियमाप्रमाणे अपात्र. म्हणून जागा यांना मिळाली. हा देशातला उंचीने सगळ्यात बुटका संघ होता, आणि त्याने पहिल्या मानांकनाच्या परड्यूला ६३-५८ असं हरवलं! परड्यू म्हणजे इंडियानातलं बडं प्रस्थ. मी तेव्हा इंडियानातच शिकत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबमध्ये परड्यूचे दोन भक्त कुणाशी बोलायला तयार नव्हते.

माझं गाव होतं टेरे होट. इंडियानापोलिसपासून सव्वा तासाच्या अंतरावरचं, रेल्वेच्या फाटकांवर ताटकळायला लावणारं शहर. तिथल्या इंडियाना स्टेट विद्यापीठात मी २०२१ मध्ये एमएसला गेलो. विद्यापीठाची जगाला असलेली ओळख एकच, लॅरी बर्ड. १९७९ मध्ये बर्डचा हा संघ एकही मॅच न हरता फायनलला गेला आणि मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून हरला. हल्मन सेंटरच्या बाहेर बर्डचा भलामोठा पुतळा आहे. आत मात्र मी गेलो त्या वर्षी उजेड नव्हता. नवे कोच जॉश शर्ट्झ दुसऱ्या दर्जाच्या एका छोट्या कॉलेजातून आलेले. पहिल्या सीझनला ११ विजय, २० पराभव. आम्ही तीन-चार देसी पोरं थंडीत दुसरं काही करायला नसायचं म्हणून जायचो. बसायला हवी तेवढी जागा!

पुढच्या वर्षी २३ विजय. आणि २०२३-२४ मध्ये... सही! एव्हाना मला इंडियानापोलिसमध्ये नोकरी लागली होती, तरी शनिवारी गाडी काढून टेरे होट गाठायचो. रॉबी अविला नावाचा उंच, गुबगुबीत, डोळ्यांवर गॉगलसारखा चष्मा बांधून खेळणारा सेंटर. बघून वाटावं की हा केमिस्ट्रीच्या लॅबमधून चुकून इकडे आला. पण बॉल हातात आला की मागे न बघता असा पास द्यायचा, की लोक उभे राहायचे. करीम अब्दुल-जब्बारच्या नावावरून त्याला 'क्रीम अब्दुल-जब्बार' हे नाव पडलं. बरोबर स्वोप, कॉनवेल, लॅरी आणि केंट. पाचही जण लांबून शूट करायचे.

१० मार्च २०२४ ला सेंट लुईसमध्ये कॉन्फरन्सची फायनल झाली. समोर ड्रेक. आम्ही ८४-८० हरलो. थेट प्रवेशाचा दरवाजा बंद. आता हिशोब २८ विजय, ६ पराभव, आणि भरवसा समितीवर.

समिती काय बघते? कॉम्प्युटरवर निघणारी 'नेट' नावाची एक क्रमवारी आहे. तिच्यात आमचा नंबर पहिल्या तिसात होता. पण समितीला नुसता नंबर पुरत नाही. तुम्ही कुणाला हरवलंत, हे बघितलं जातं. सगळ्या मॅचेस चार खणांत टाकतात. पहिल्या खणात मोलाच्या मॅचेस, म्हणजे घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधला किंवा समोरच्याच्या घरी पहिल्या ७५ मधला संघ. ज्याचा हा खण विजयांनी भरलेला, तो आत.

ऐकायला किती रास्त वाटतं ना? आता गंमत बघा. मोठ्या कॉन्फरन्सच्या संघाला असे सामने दर आठवड्याला घरबसल्या मिळतात, कारण त्याचे शेजारीच तगडे. छोट्याला ते मागून मिळवावे लागतात. आणि मोठा संघ छोट्याच्या गावात खेळायला सहसा येतच नाही. जिंकला तर फारसा फायदा नाही, हरला तर नाक कापलं! तो म्हणतो, तूच आमच्याकडे ये, हवं तर जाण्यायेण्याच्या खर्चावर चेकही देतो. त्या सीझनमध्ये इंडियाना स्टेट अलाबामाकडे गेलं, मिशिगन स्टेटकडे गेलं. त्यांचं मैदान, त्यांचे प्रेक्षक. दोन्ही हरलं. 'मोठ्यांना हरवून दाखवा' म्हणणारे आणि 'आम्ही तुमच्याशी खेळणार नाही' म्हणणारे, एकाच पंगतीतले.

हे कोडं मी आधी सोडवलं होतं, फक्त त्यात बास्केटबॉल नव्हता. आमच्या कॉलेजात मोठ्या कंपन्या कॅम्पसला येत नसत, कारण आमचं कुणी त्यांच्याकडे नव्हतं. आणि आमचं कुणी त्यांच्याकडे नव्हतं, कारण त्या येत नसत. मग पूल कॅम्पस. पहाटेच्या एसटीने दुसऱ्या शहरात जायचं, परक्या कॉलेजच्या हॉलमध्ये शेकडो पोरांत बसायचं आणि संध्याकाळी भिंतीवरच्या यादीत नाव शोधायचं. समोरच्याचं मैदान, समोरच्याचे प्रेक्षक!

ते आठ दिवस माझं ऑफिसात लक्ष नव्हतं. त्यातच दुसऱ्यांच्या जागा खाणारे उपटले. एनसी स्टेट नावाच्या संघाचा सीझन इतका साधारण होता की एरवी कुणी विचारलं नसतं. त्यांनी पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकून आपली कॉन्फरन्स मारली आणि थेट आत. ओरेगॉन, न्यू मेक्सिको, ड्युकेन, यूएबीही जिंकले. असा अनपेक्षित विजेता आला की काठावरच्या कुणाची तरी जागा जाते. रविवारी, १७ मार्चला, संध्याकाळी सहा वाजता टीव्हीवर नावं वाचायला सुरुवात झाली. तासाभरात ६८ नावं झाली. आमचं नव्हतं.

बाबांना फोनवर सांगितलं. ते आयुष्यभर एसटीत नोकरी केलेले, बास्केटबॉलशी संबंध शून्य. म्हणाले, "अठ्ठावीस मॅची जिंकले अन् तरी घेतलं नाही? काहून बाप्पा?" या प्रश्नाचं सरळ उत्तर मला आजही देता येत नाही.

नाकारलेल्यांसाठी एनआयटी नावाची दुसरी स्पर्धा असते. तिथे खेळायला बरेच संघ नाकं मुरडतात. आमची पोरं मात्र पेटून खेळली. एसएमयू, मिनेसोटा, सिनसिनाटी, युटा... एकेक करून सगळे गारद. फायनल ४ एप्रिलला इंडियानापोलिसच्या हिंकल फील्डहाउसमध्ये. १९२८ चं हे जुनं स्टेडियम. १९५४ मध्ये मायलन या चिमुकल्या गावाच्या शाळेने इथेच राज्याची स्पर्धा जिंकली आणि त्यावरून पुढे 'हूझिअर्स' सिनेमा निघाला. त्या रात्री मी तिथे होतो. जिकडे बघावं तिकडे निळे शर्ट. अर्धं टेरे होट आलेलं! समोर सीटन हॉल. तेही नाकारलेले. आम्ही ७९-७७ हरलो. दोन पॉइंट! शेजारच्या आजोबांनी बर्डलाही खेळताना पाहिलं होतं. ते उठले, टाळ्या वाजवत राहिले आणि कोर्ट रिकामं होईपर्यंत बसले नाहीत.

गोष्ट इथे संपली असती, तर 'हरले पण मनं जिंकली' छापाची झाली असती. पण पुढे जे झालं ते मला जास्त बोचलं. शर्ट्झना सेंट लुईस विद्यापीठाने उचललं. अविला आणि स्वोप त्यांच्या मागे गेले. कॉनवेल झेव्हियरला, लॅरी आणि केंट टेक्सासला. पाचच्या पाच गेले. त्यात चूक काहीच नाही, मीही अकोला सोडलंच की. आणि २०२५ च्या मार्चमध्ये समितीने ॲट-लार्जच्या अगदी शेवटच्या जागांत कुणाला घेतलं? झेव्हियर आणि टेक्सास! डेटनमध्ये दोघे एकमेकांसमोर आले आणि झेव्हियरने ८६-८० ने मॅच मारली. म्हणजे वर्षभरापूर्वी एकत्र असताना जी मुलं लायक नव्हती, त्यातली तिघं आता समोरासमोर आत उभी. जर्सी बदलली, बस्स.

त्याच वर्षी एसईसी या एका कॉन्फरन्सच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला, आणि शेवटच्या सोळात छोट्या कॉन्फरन्सचा एकही संघ उरला नाही. 'बघा, समितीचं बरोबरच होतं,' असं म्हणणारे भेटले. अहो, पण छोट्यांची चांगली पोरं दरवर्षी मोठ्यांकडेच जाणार असतील, तर दुसरं काय होणार?

माझीही जर्सी बदलली. अमेरिकन डिग्री, अमेरिकन कंपनी. २०२५ च्या उन्हाळ्यात पुण्यात परत आलो, तर ज्यांनी आमच्या कॉलेजचं नाव कधी ऐकलं नसेल त्यांचे फोन! माणूस तोच, कोडिंगही साधारण तेवढंच.

आता मी बाणेरच्या एका ऑफिसात बसतो आणि फ्रेशर्सच्या भरतीत माझंही मत घेतात. पहिल्याच वेळी एचआरची एक्सेल शीट आली. त्यात एक कॉलम होता, 'कॉलेज टिअर'. फिल्टर आधीच लावलेला, टिअर ३ ची पोरं लपवलेली. मी फिल्टर काढला. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, एवढ्या लोकांना बघायचं कधी?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. समितीलाही साडेतीनशे संघ बघायचे असतात. शेवटी ठरलं, की इंटरव्ह्यूच्या दर दहा जागांमागे दोन कॉलेजचं नाव झाकून, फक्त टेस्टच्या मार्कांवर भरायच्या. टेस्टही ऑनलाइन, म्हणजे पोरांनी घरून द्यायची. पहाटेची एसटी नको. त्या दोन जागांतून आलेले सगळे हिरे निघालेत असं मी सांगणार नाही. काही चांगले निघाले, काही सुमार. टिअर १ वाल्यांचंही तेच झालं.

तुम्हाला हा खेळ कळत नसेल तरी एक करा. येत्या मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, एखाद्या सकाळी चहा घेता घेता, छोट्या कॉन्फरन्सची एखादी फायनल बघा. जिंकलेले जाळी कापून गळ्यात घालतील, नाचतील, कॅमेरा त्यांच्याच मागे धावेल. तुम्ही जरा हरलेल्यांच्या बाकाकडे बघा. डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेल्या त्या पोरांनी कदाचित २८ मॅचेस जिंकलेल्या असतील. आता पुढचा रविवार येईपर्यंत त्यांना फक्त वाट बघायची असते.