माथेरानचं इंजिन, जयपूरचे हात

जयपूर

प्रिय मंदार,

टोरंटोतलं बर्फ वितळलं आणि तुझी रुळांची मांडणी पुन्हा मार्गी लागली, हे वाचून बरं वाटलं. इथं माझ्या टेबलावर नेरळ-माथेरानचं इंजिन आकार घेतंय. कधी एकदा तुला सांगतो असं झालंय.

इंजिन तयारच घेतलं: सहा चाकांचं, बाहेरून चौकट असलेलं, गॅसच्या ज्योतीवर पाणी उकळून खऱ्या वाफेवर धावणारं. प्रमाण फुटाला सोळा मिलिमीटर. त्यामुळे माथेरानचा दोन फुटी मार्ग बरोबर ३२ मिलिमीटरचा होतो. खोक्यातून निघालं तेव्हा ते जगातल्या कुठल्याही छोट्या गाडीला शोभलं असतं. मला हवं होतं ते आपलं, डोंगर चढणारं.

पीरभॉय घराण्याची ही गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलनं चार टँक इंजिनं बांधली. पुढे ७३८ ते ७४१ या क्रमांकांनी ती ओळखली गेली. वीस फुटांना एक फूट चढ आणि त्यात अवघड वळणं, म्हणून पुढच्या-मागच्या चाकांना पोकळ आस दिले. आत एक भरीव आस आणि त्याभोवती थोडी सरकणारी, थोडी वळणारी नळी. त्यामुळे जोडलेली सहाही चाकं वळणावर रूळ सोडत नसत. माझ्या गच्चीवरची वळणं ऐसपैस आहेत, तेव्हा चाकांना हात लावलेला नाही. सगळं काम वरच्या अंगाचं.

त्या कामाला जयपूरसारखं गाव नाही! त्रिपोलिया बाजारात पितळेचा पत्रा आणि तार घेतली आणि जोहरी बाजारालगतच्या गल्लीत चांदीकाम करणाऱ्या एका उस्तादांकडे गेलो. टाकीच्या रिव्हेटा त्यांनी माझ्यासमोर काढल्या. पट्टी शिशाच्या लादीवर पालथी ठेवली, परकारानं सारख्या अंतरावर खुणा केल्या आणि टोच्यावर हलकेच हातोडी मारत गेले. पट्टी उलटली तर एका ओळीत टपोरे दाणे! आपल्या प्रमाणात इंचभर म्हणजे १.३३ मिलिमीटर, तेवढ्या मापात त्यांचा हात जराही हलत नाही.

झाळण्याचा विचारही त्यांच्यामुळे पक्का झाला. कथील-शिशाचा झाळ १८३ अंशांना वितळतो. केबिनमधल्या दांड्यांना तो पुरतो, पण धुराड्याजवळ ज्योतीची धग त्याला सोसवत नाही. म्हणून धुराड्याची कडी सुटी करून टाकणखार लावून चांदीनं झाळली. त्याला सहाशे अंशांच्या वर ताप लागतो. शिट्टीचंही तसंच केलं. हे सारं त्या गल्लीत रोज चालतं, फक्त तिथं पैंजण घडतात.

आता उरलाय रंग, आणि खरा प्रश्न तिथंच आहे. माझं म्हणणं असं, की नुसतं 'जुनं इंजिन' करू नये. एक क्रमांक धरावा, एक काळ धरावा आणि त्याच्याशी इमान राखावं. मी ७४१ धरलंय, १९७०च्या दशकातलं, वाफ बंद होण्याच्या थोडं आधीचं. सेफ्टी व्हॉल्व्हखाली क्षारांचे पांढरे ओघळ, धुराड्याभोवती काजळी, पायरीच्या खाली माथेरानची तांबडी धूळ. एवढंच, आणि तेही हलक्या हातानं. खूप मळवलं की इंजिन भंगारातलं वाटतं. रोज घाट चढणारं इंजिन ड्रायव्हर-फायरमन घासूनपुसून ठेवत, तेही दिसलं पाहिजे.

म्हणून एक काम कर. तुझ्या बाबांनी नेरळच्या फलाटावर काढलेले ते फोटो अल्बममध्ये असतील. त्यांतला इंजिनाची उजवी बाजू दिसणारा फोटो मोठ्या आकारात स्कॅन करून पाठव. तो आल्याशिवाय मी ब्रश उचलणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश