"चालत नाही" म्हणजे नेमकं काय? – रोबो गाडी, वायफाय आणि माझी एक चूक



आज तुम्हाला आमच्या रोबो गाडीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट वायफायची आहे, पण त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती लपवून नुसती तांत्रिक माहिती दिली असती, तर लेख अर्धाच राहिला असता.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांनी दोन मोटरची छोटी गाडी बनवली होती. मोटर फिरवायला मोटर ड्रायव्हर आणि वर नोडएमसीयू नावाचा बोर्ड. या बोर्डावर ईएसपी८२६६ ही वायफाय असलेली चिप असते. मोबाइलवर एक पान उघडायचं, बाणाचं बटण दाबायचं, की गाडी पुढे. रविवारी माझ्या घरी मुलांनी ती अंगणभर पळवली होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेत काढली, तर काही केल्या वायफायला जोडलीच जाईना.

शाळेत वायफाय नाही, म्हणून मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला होता. प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव आणि पासवर्ड टाकायचं काम गटातल्या एका मुलीकडे होतं. तिने ते केलं, बोर्ड लॅपटॉपला जोडला, सिरीयल मॉनिटर उघडला आणि म्हणाली, "बाई, गाडीला आपलं वायफाय दिसतच नाहीये. सारखा एक येतोय."

मी पताके चिकटवत होते. वळूनही न बघता म्हटलं, "पासवर्ड चुकला असेल. नीट बघून टाईप कर."

तिने पुन्हा टाकला. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग माझा तोल गेला. "घरी चालत होती ना? मग तूच कशाला तरी हात लावलायस!" सगळ्या गटासमोर बोलले. तिने काही न बोलता लॅपटॉप शेजारच्या मुलाकडे सरकवला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. शाळा सुटेपर्यंत गाडीजवळ आली नाही.

संध्याकाळी गाडी घरी आणली. प्रोग्रॅममध्ये घरच्या वायफायचं नाव टाकलं, लगेच जोडली गेली. म्हणजे बोर्ड चांगला होता. पुन्हा तिने टाकलेलं हॉटस्पॉटचं नाव टाकलं, तर बंद. मग सासूबाईंच्या जुन्या मोबाइलवर अगदी तेच नाव आणि तोच पासवर्ड देऊन हॉटस्पॉट चालू केला. जोडली गेली! म्हणजे तिचा पासवर्डही बरोबर, प्रोग्रॅमही बरोबर. उरला फक्त माझा नवा मोबाइल. त्याच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये गेले, तर बँड होता ५ गिगाहर्ट्झ.

ईएसपी८२६६ ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. मूळ ईएसपी३२ चंही तसंच. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण या चिपला ते ऐकूच येत नाही. रेडिओवर एकच स्टेशन लागत असेल तर दुसऱ्या स्टेशनवर कितीही चांगलं गाणं लागो, आपल्याला काय उपयोग? मोबाइलवर बँड २.४ केला आणि दुसऱ्या मिनिटाला गाडी जोडली गेली. (आयफोनवर यासाठी 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय चालू करावा लागतो.)

पण खरा धक्का पुढे होता. तो "एक" काय होता, ते मी आता शोधलं. आमचा प्रोग्रॅम जोडणीची स्थिती आकड्यात दाखवत होता. ३ म्हणजे जोडलं गेलं. १ म्हणजे या नावाचं वायफाय सापडतच नाही. पासवर्ड चुकला असता तर आकडा वेगळा आला असता. "दिसतच नाहीये, सारखा एक येतोय" हे त्या मुलीने मला शब्दशः खरं सांगितलं होतं. निदान तिने केलं होतं. मी ते ऐकलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात नुसतं "चालत नाही" म्हणणं बंद आहे. गाडी कुठे अडली ते सांगायचं. जागा चारच आहेत.

१. वायफाय दिसत नाही. बँड २.४ आहे का बघा. नावाचं स्पेलिंग बघा, लहान-मोठी अक्षरंसुद्धा जुळावी लागतात. हॉटस्पॉटला चिन्हं नसलेलं साधं, छोटं नाव द्या.

२. दिसतं, पण आत घेत नाही. इथे पासवर्ड तपासा. शेवटी नकळत पडलेली मोकळी जागा हा नेहमीचा चोर.

३. जोडलं जातं, पण पान उघडत नाही. मोबाइल आणि बोर्ड एकाच वायफायवर हवेत. वायफाय बदललं की बोर्डाचा पत्ताही बदलतो, त्यामुळे कालचा पत्ता आज टाकून उपयोग नाही. बोर्ड स्वतःचं वायफाय तयार करत असेल तर पत्ता बहुधा १९२.१६८.४.१ असतो. पण त्या वायफायवर इंटरनेट नसतं, म्हणून मोबाइल हळूच आपल्या डेटावर जातो आणि पान सापडत नाही. मोबाइल डेटा बंद करून बघा.

४. सगळं चालतं, पण मोटर फिरली की तुटतं. हा दोष वायफायचा दिसतो, असतो मात्र बॅटरीचा. थांबलेली मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज खाली येतं आणि बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. छोटी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. ओळखायचं कसं? मोटरच्या वायरी काढा आणि बटण दाबा. आता वायफाय टिकलं तर संशय बॅटरीवर. मोटरला वेगळी बॅटरी द्या, बोर्डाला पॉवर बँक, आणि दोन्हींची निगेटिव्ह वायर मात्र एकत्र जोडा. ती राहिली तर ड्रायव्हरला बोर्डाचा इशाराच कळत नाही.

आणि एक नियम सगळ्यांना लागू: एका वेळी एकच गोष्ट बदला. नाव, पासवर्ड, बॅटरी सगळं एकदम बदललं आणि गाडी चालली, तर चालली कशामुळे ते कधीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी गटासमोर तिला म्हटलं, "काल तू बरोबर सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चूक माझ्या मोबाइलची होती आणि तुला बोलले ही चूक माझी." सांगताना जीभ जड झाली, खोटं कशाला बोलू? रागवायचं ते सगळ्यांसमोर आणि चूक कबूल करायची ती एकटीला बाजूला घेऊन, हे मला पटेना.

ती नुसती हसली. मग दप्तरातून वही काढली. तिने तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या: पासवर्ड पहिल्यांदा टाकला, १. पुन्हा टाकला, १. नाव बघून टाकलं, १. विज्ञानाच्या पुस्तकात आपण 'निरीक्षण' शिकवतो ना, ते हेच.

प्रदर्शनात बोर्डाचंच वायफाय वापरलं, हॉटस्पॉटची भानगडच नको म्हणून. आम्हाला क्रमांक मिळाला नाही. पण दुपारी शेजारच्या शाळेच्या मुलाची गाडी अडली आणि तो रडवेला होऊन "चालतच नाही" म्हणाला, तेव्हा आमची ही मुलगी त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिने विचारलं, "दिसत नाहीये, की आत घेत नाहीये?"

पालकहो, घरी मूल म्हणालं की "गणित येत नाही", "सायकल बिघडली", तर लगेच "तूच काहीतरी केलं असशील" म्हणू नका. आधी विचारा, "कुठे अडलं?" आणि मग हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर ऐका. मी पताके खाली ठेवले असते, तर एक दुपार वाचली असती.

तुमच्या वर्गातली गाडी कुठे अडते, ते मलाही जरूर सांगा.