एकास एकशे चव्वेचाळीस या प्रमाणातला समुद्र

पाणबुडीचा डायोरामा म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेली पाणबुडी तिच्या भोवतालच्या समुद्रासह आणि एका नेमक्या क्षणी दाखवणारे त्रिमितीय दृश्य. ते घडवताना बहुतेकांचे सारे कष्ट नौकेच्या प्रतिकृतीवर खर्ची पडतात आणि पाणी शेवटी उरकले जाते. वास्तविक पृष्ठभागावर तरंगणाऱ्या पाणबुडीचा मोठा भाग पाण्याखालीच दडलेला असतो, डायोरामाच्या फळीवरची बहुतांश जागा पाण्याने व्यापलेली असते, आणि ती पाणबुडी उभी आहे की निघाली आहे, किती वेगाने, कोणत्या हवेत व कोणत्या किनाऱ्यालगत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नौकेचा सांगाडा देत नाही, ते पाणी देते. म्हणून समुद्र आधी ठरवावा आणि प्रतिकृतीच्या पेटीला हात नंतर लावावा, हा क्रम या कामात फार मोलाचा आहे.

लांबीने जवळजवळ सारख्या असलेल्या दोन पाणबुड्या शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन आरमाराची 'सात-सी' या प्रकारची पाणबुडी ६७.१ मीटर लांब होती. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेली 'कलवरी' ६७.५ मीटर लांब आहे. १:१४४ या प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तूचे १४४ सेंटिमीटर प्रतिकृतीत एक सेंटिमीटर होईल अशा हिशेबाने, पहिली ४६.६ आणि दुसरी ४६.९ सेंटिमीटर भरते. मात्र जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर १७ नॉटहून अधिक वेग गाठे आणि पाण्याखाली जेमतेम साडेसात नॉट, तर कलवरीचे उलट आहे. ती पृष्ठभागावर सुमारे ११ नॉट आणि पाण्याखाली २० नॉटपर्यंत जाते. पहिली मुळात जहाजासारखी धावणारी आणि गरज पडली की बुडी मारणारी नौका होती, दुसरीचा गोलाकार देह पाण्याखालच्या संचारासाठीच घडवलेला आहे, आणि त्यामुळे एकाच मापाच्या या दोन प्रतिकृतींभोवतीचे पाणी एकसारखे केले तर त्यांतले एक तरी निश्चितच खोटे ठरते.

जर्मन पाणबुडी पाण्यात कशी बसते ते प्रथम पाहणे आवश्यक आहे. तिचे वजन पृष्ठभागावर ७६९ टन आणि बुडालेल्या अवस्थेत ८७१ टन असे, याचा अर्थ तिला वर तरंगत ठेवणारा राखीव उत्प्लावकता जेमतेम शंभर टनांची होती आणि नौका पाण्यात खोल बसलेली असे. दाब सोसणाऱ्या मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना फुगीर टाक्या होत्या आणि वरचे लाकडी फळ्यांचे डेक हे केवळ आवरण असून त्याच्या पोकळीत समुद्राचे पाणी मुक्तपणे आतबाहेर करी. त्यासाठी आवरणाच्या कडेला भोकांच्या लांबलचक रांगा ठेवलेल्या होत्या. कीलजवळच्या लाबो येथे किनाऱ्यावर जपून ठेवलेल्या 'यू-९९५' या पाणबुडीवर, जी याच प्रकाराची किंचित सुधारलेली आवृत्ती आहे, या रांगा हाताला लागतील इतक्या जवळून पाहता येतात. पाणबुडी नुकतीच वर आली असेल तर या प्रत्येक भोकातून पाण्याची धार टाकीच्या फुगवट्यावरून खाली उतरत असते. डेक ओले व गडद दिसते, आणि काही वेळाने धारा थांबल्या की फक्त क्षाराचे पांढुरके ओघळ उरतात. डायोरामातला क्षण बुडीनंतरच्या पहिल्या मिनिटाचा आहे की चार तासांनंतरचा, हे या धारांवरूनच ठरते, आणि ताणून बारीक केलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या तंतूंवर अॅक्रिलिक जेलचा हात फिरवून त्या फार सुरेख साधता येतात.

आता लाटांकडे वळता येईल, आणि या विषयाचा खरा गाभा तिथेच आहे. नौका पुढे सरकते तेव्हा तिच्यासोबत, तिच्याच वेगाने चालणाऱ्या आडव्या लाटांची एक मालिका तयार होते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतरावर ठरत असल्याने नौकेचा वेग कळला की हे अंतर आपोआप कळते. हिशेब सोपा आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६४ ने गुणावे. १७ नॉट म्हणजे सेकंदाला ८.७५ मीटर, त्यावरून लाटेची लांबी ४९ मीटर येते आणि १:१४४ मध्ये ती ३४ सेंटिमीटर होते. याचा अर्थ पूर्ण वेगाने निघालेल्या जर्मन पाणबुडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक माथा, तिथून सुमारे १७ सेंटिमीटर मागे एक दीर्घ खळगा आणि मागच्या टोकाच्या थोडे अलीकडे दुसरा माथा असा आकार यायला हवा, आणि त्या खळग्यात बाजूच्या टाकीचा एरवी बुडालेला भाग उघडा पडायला हवा. तीच नौका १० नॉटने जात असेल तर लाट १७ मीटरची, फळीवर १२ सेंटिमीटरची होते आणि तिच्या कडेला जवळपास चार लाटा मावतात. पाहणाऱ्याला हे सूत्र ठाऊक नसते, पण समुद्र पाहिलेल्या डोळ्याला वेग आणि लाट यांचा मेळ नसल्याचे लगेच जाणवते, आणि बरीचशी कष्टाने केलेली कामे नेमकी याच ठिकाणी फसतात.

नौकेमागे पसरणाऱ्या त्रिकोणाचेही असेच आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले की खोल पाण्यात या त्रिकोणाची प्रत्येक बाजू नौकेच्या मार्गाशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते आणि वेग वाढला तरी तो बदलत नाही. अतिवेगवान हलक्या बोटींना हे सरसकट लागू होत नसले तरी पाणबुडीच्या वेगांना निःसंशय लागू होते. वेग दाखवण्यासाठी त्रिकोण निमुळता करण्याचा मोह त्यामुळे टाळावा आणि फळीवर पेन्सिलीने नौकेचा मध्य आखून दोन्ही बाजूंचे कोन शाळकरी कोनमापकाने मोजून घ्यावेत. नाळेपासून ६० सेंटिमीटर मागे हा त्रिकोण दोन्ही बाजू मिळून सुमारे ४२ सेंटिमीटर रुंद होतो, तेव्हा ४७ सेंटिमीटरच्या नौकेसाठी २० सेंटिमीटर रुंदीची अरुंद फळी घेतली तर त्रिकोण लगेच कडेला आदळतो आणि समुद्र कापून टाकल्यासारखा दिसतो.

वाऱ्याच्या लाटा या सगळ्याहून वेगळ्या, आणि त्या आधी कोरायच्या असतात. ब्यूफोर्ट मापनाच्या चौथ्या पायरीवर, म्हणजे ११ ते १६ नॉटच्या वाऱ्यात, मोकळ्या समुद्रावर लाटेची उंची मीटरभर असते आणि पांढरे माथे वरचेवर दिसू लागतात. सहाव्या पायरीवर उंची तीन मीटरपर्यंत जाते. फळीवर ही मापे अनुक्रमे ७ आणि २१ मिलिमीटर होतात. उंची लांबीच्या सातव्या भागापेक्षा वाढली की लाट फुटते, म्हणून २१ मिलिमीटर उंचीची न फुटलेली लाट १५ सेंटिमीटरपेक्षा आखूड असूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात ती याहून बरीच लांब, माथ्याशी टोकदार व खळग्याशी पसरट असते. नवख्या हाताने कोरलेल्या लाटा उंच, आखूड आणि वरखाली सारख्याच गोल होतात, त्यामुळे अटलांटिकऐवजी तळ्याचा भास होतो.

मग सरळ खरे पाणीच का वापरू नये, हा प्रश्न साहजिक आहे. विल्यम फ्रूड यांनी १८७२ मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे जहाजांच्या लहान प्रतिकृती टाकीत ओढून लाटांचा जो अभ्यास केला त्यामागचे तत्त्व असे की लाटा लहान प्रमाणात बरोबर उमटवायच्या तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. १:१४४ साठी तो बाराव्या हिश्शावर येतो. लाटा अशा रीतीने आटोक्यात येतात, परंतु पाण्याचा पृष्ठीय ताण त्याच प्रमाणात कमी करता येत नाही, त्यामुळे तीन मिलिमीटरचा साधा थेंब या प्रमाणात ४३ सेंटिमीटरचा होतो. ओतीव इपॉक्सी रेझिनच्या बाबतीतही हाच ताण आडवा येतो. रेझिन नौकेच्या कडेला चिकटून दीड-दोन मिलिमीटर वर चढते आणि तसेच घट्ट होते, म्हणजे खऱ्या मापात गुडघ्याच्या खालपर्यंत येणारी पाण्याची एक निश्चल कड नौकेभोवती उभी राहते. ती धारदार पात्याने खरवडून वर जेलने पाण्याची खरी रेषा पुन्हा घडवावी लागते. कोकणपट्टीतल्या दमट पावसाळी हवेत रेझिनवर चिकट, धुरकट साय धरते, हेही ओतणीचा मुहूर्त ठरवताना ध्यानात घ्यावे.

चालत्या पाणबुडीसाठी पारदर्शक रेझिनच्या ठोकळ्यापेक्षा कोरून रंगवलेला अपारदर्शक समुद्रच अधिक खरा ठरतो. ठोकळा बुडालेल्या नौकेसाठी राखून ठेवावा. साध्या थर्माकोलचे मणी सुटतात, म्हणून बांधकामात उष्णतारोधक म्हणून वापरला जाणारा दाट फोम घ्यावा, त्यात नौकेच्या जलरेषेच्या आकाराचा खड्डा कापावा आणि वर सांगितलेल्या लाटा सुरीने व खरकागदाने उतरवाव्यात. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन असा फोम विरघळवते, त्यामुळे ते त्यावर थेट कधीही ओतू नये. मोठ्या लाटांवरची वाऱ्याने उठणारी बारीक लहर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने मिळते: पत्रा हलकेच चुरगाळावा, पूर्ण सपाट न करता उलगडावा आणि पांढऱ्या डिंकाने लाटांवर बसवावा. रंग दिल्यावर त्यावर जाड अॅक्रिलिक जेल चढते. ते लावताना दुधासारखे पांढरे दिसते आणि सुकताना पारदर्शक होत जाते, पण एकाच वेळी जाड थापले तर आतली दुधी छटा कित्येक दिवस रेंगाळते, म्हणून ताठ केसांच्या ब्रशने पातळ थर द्यावेत आणि माथ्याशी ब्रश वाऱ्याच्या दिशेने झटकून उचलावा, म्हणजे तिथे आपसूक एक बारीक, किंचित वळलेली धार उरते.

रंगाच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत पाहणाऱ्याच्या उंचीची होते. टेबलावरच्या डायोरामापासून डोळा अर्धा मीटर वर असेल तर तो १:१४४ च्या जगात ७२ मीटर उंचीवर असतो, म्हणजे पाणबुडीच्या मनोऱ्यावर उभ्या नाविकाच्या नव्हे तर कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानाच्या जागी. सरळ खाली पाहताना पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परावर्तित करते आणि उरलेला आत शिरतो, त्यामुळे पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो; तिरपे पाहताना मात्र आकाशच दिसते. म्हणून नौकेवरून काढलेल्या छायाचित्रांतला राखाडी समुद्र जसाच्या तसा उतरवण्याऐवजी युद्धकाळात विमानांतून टिपलेली छायाचित्रे अभ्यासावीत. त्यांत समुद्र जवळजवळ काळा, नौकेमागचा पट्टा फिकट आणि फेस जाळीदार दिसतो. त्या पट्ट्याचा प्रत्यक्षातला हिरवटपणा पंख्यांनी पाण्यात घुसवलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, आणि त्या पट्ट्यात वाऱ्याची बारीक लहर नसते, हे विसरू नये.

कलवरीसाठी यातले बरेच काही बदलावे लागते. ११ नॉटला तिची लाट साडेवीस मीटरची, फळीवर १४ सेंटिमीटरची होते. तिची नाळ पाणी चिरत नाही. पाणी त्या गोल तोंडावर गुळगुळीत उंचवट्याने चढते, पातळ चादरीसारखे पाठीवरून सरकते, आणि फेस त्यानंतर, खांद्यापाशी सुरू होतो. तोंडाशीच पांढऱ्या मिशा काढणे ही जर्मन पाणबुडीची सवय कलवरीवर लादणे होय. मुंबईबाहेरचे पाणी अटलांटिकचे नव्हे; ठाण्याची आणि धरमतरची खाडी आपला गाळ तिथे आणून सोडतात, विशेषतः पावसाळ्यात, त्यामुळे त्याचा मूळ रंग मातकट हिरवा धरावा, फेसात पिवळसर झाक ठेवावी आणि पृष्ठभागाखालचा देह अजिबात दाखवू नये. याच मालिकेतली दुसरी पाणबुडी, २८ सप्टेंबर २०१९ रोजी दाखल झालेली 'खांदेरी', अलिबागजवळच्या ज्या जलदुर्गाचे नाव मिरवते तो किल्ला फळीच्या कोपऱ्यात बसवण्याचा मोह महाराष्ट्रातल्या कारागिराला होणे स्वाभाविक आहे, पण या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे सात मीटर होतात, तेव्हा किल्ला मागच्या पडद्यावर रंगवावा आणि फळीवर फक्त समुद्र ठेवावा.

नौका पाण्यात बसवल्यानंतर कलवरीच्या काळ्या, निस्तेज पाठीवर पाण्याची चादर जिथवर पोहोचते तिथवरच चकाकणारे वॉर्निश द्यावे, मनोऱ्याच्या पायथ्याशी समोरच्या बाजूला एक लहानसा उंचवटा आणि त्यामागे दोन्ही कडांना फेसाची अरुंद रेघ काढावी, आणि मनोऱ्याचा वरचा भाग कोरडाच सोडावा.