अस्तराचं माप



बाळासाठी कापसाची बंडी शिवलीय का कधी? मी शिवलेल्या पहिल्या बंडीत बाळाचा हातच शिरेना. कापड मापानं बेतलं होतं, पण आतल्या कापसानं जागा खाल्ली. सासूबाई हसून म्हणाल्या, “अगं, अस्तर जागा मागतं. ती आधीच सोडायची असते.”

हेच वाक्य यंदाच्या उन्हाळ्यात मला पत्र्याच्या कामात आठवलं.

आमचं असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. घर इथे आणि यांचं पत्र्याचं वर्कशॉप जळगावला. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, त्यामुळे एसीच्या डक्टची कामं तेव्हाच अंगावर येतात. मापांची वही मी लिहिते. एका सभागृहाच्या कामात डक्टला आतून एक इंचाचं अस्तर लावायचं होतं. गारवा वाटेत वाया जाऊ नये आणि मशीनचा आवाज हॉलमध्ये येऊ नये, म्हणून ते लावतात. मागणीत स्पष्ट होतं, ‘आतून मोकळं १८ × १२ इंच’. मी वहीत नुसतं लिहिलं, ‘१८ × १२, अस्तर १ इंच’. दोनच शब्द गाळले.

कारागीर भाऊंनी त्या मापाचा पत्रा कापला. अस्तर दोन्ही बाजूंनी बसतं, म्हणून एका इंचाच्या अस्तराला दोन इंच जागा लागते. आत उरले १६ × १०. पोळपाट-लाटण्याचा हिशोब करणाऱ्या आपण, हाही करून बघू. हवेला हवी होती २१६ चौरस इंच वाट, मिळाली १६०. म्हणजे पावभराहून जास्त वाट गेली. तेवढीच हवा त्यातून ढकलायची तर तिचा वेग साधारण ३५ टक्क्यांनी वाढतो. पंख्यावर ताण येतो आणि हवा सूं-सूं करते. आवाज कमी व्हावा म्हणून लावलेलं अस्तरच आवाज वाढवणार होतं.

अस्तराचे तुकडे मोजताना माझ्या ते लक्षात आलं. काही फिटिंग तयार झाली होती. हे म्हणाले, “वर फॉल्स सीलिंग येणार. आत कोण टेप लावून बघतंय?” मनानं वाईट नाहीत हो, पण वेळेचा आणि पैशाचा प्रश्न होता. चूकही माझीच होती, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

सूर्यास्ताआधी जेवणं झाली आणि मी प्रतिक्रमणाला बसले. तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत खोटं तोलणं, खोटं मापणं येतं. रोज म्हणते. आजवर मला त्यात फक्त किराणा दुकानाचा तराजू दिसायचा. त्या दिवशी माझी वही दिसली. चुकून कमी मापलं ती चूक. पण कळल्यावर तसंच झाकून दिलं, तर ते काय?

उठल्यावर यांना एवढंच विचारलं, “आपल्या घरच्या लग्नाचा हॉल असता तर?” हे बराच वेळ गप्प बसले. मग स्वतःच फोन लावून सांगितलं, “आमच्याकडून माप चुकलंय, चार दिवस जास्त द्या.” समोरचे चिडले, पण थांबले.

नवीन पत्रा २० × १४ चा कापला. सरळ नळ्यांचं सोपं असतं, खरी परीक्षा कोपराची. तिथे वळणाच्या आतल्या बाजूची त्रिज्या मोकळ्या मापापेक्षा एक इंच कमी धरायची आणि बाहेरची एक इंच जास्त. आतून ६ आणि २४ हवं असेल, तर पत्रा ५ आणि २५ चा. अस्तराचे तुकडेही सरसकट कापायचे नाहीत. वरचा-खालचा पूर्ण २० चा आणि बाजूचे त्यांच्यामध्ये बसणारे, म्हणून १४ नाही, १२ चे. बाजूचे तुकडे वरच्याला आधार देतात. अस्तराच्या उघड्या कडाही नीट बंद करायच्या, नाहीतर हवा ती उचकटते. आणि ग्लासवूल असेल तर पूर्ण बाह्या घाला, तोंडाला रुमाल बांधा. अंगाला फार खाज सुटते.

आधीच्या सरळ नळ्या बिनअस्तराच्या दुसऱ्या कामाला लागल्या. तीन कोपरं मात्र वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून आहेत. ती भंगारात देऊ नका, असं मीच सांगितलंय.

आता माझ्या वहीत दोन रकाने आहेत, ‘आतून मोकळं’ आणि ‘पत्र्याचं’. दोन्ही भरल्याशिवाय पत्रा कापायचा नाही. तुमच्या घरी, दुकानी असं काम निघालं तर सीलिंग बंद व्हायच्या आधी एकदा विचारा, “हे माप अस्तर लावण्याआधीचं की नंतरचं?” आणि टेप आत घालून स्वतः बघा.

जय जिनेंद्र.