घाम की कानटोपी

नोकरी संपल्यावर राहायचं कुठे, या प्रश्नावर आमच्या घरी दवाखान्याचं अंतर, जागेचा भाव, नातेवाइकांची सोय यातलं काही आडवं आलंच नाही. सगळं हवेवर अडलं. बायको निफाडची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. मी दापोली तालुक्यातला. संसार डोंबिवलीत झाला, म्हणजे माहेरची थंडी सोडून तिला माझ्या बाजूच्या घामात यावं लागलं. आता तिचं म्हणणं, उरलेली वर्षं कोरड्या, गार हवेत काढू. माझं म्हणणं, मला उकाडा चालतो. खरं तर आवडतो. हे वाक्य चार माणसांत उच्चारून बघा. समोरचा आधी हसतो, मग तब्येतीची चौकशी करतो.

आणि मग तो ठरलेला मुद्दा येतो. थंडीत माणूस अंगावर एकेक चढवत जाऊ शकतो, उन्हाळ्यात काढून काढून काढणार किती? यावर उत्तरच नाही असं समजून लोक विषय बंद करतात. मुद्दा खोटा नाही, अर्धा आहे. त्याच्या उरलेल्या अर्ध्याकडे वळण्याआधी उकाड्याची जी खरी वाईट बाजू आहे ती सांगून टाकतो, नाहीतर बायको म्हणेल, वकिली करतोस.

नागपूरचा माणूस मे महिन्यात मुंबईत उतरतो आणि तासाभरात रडकुंडीला येतो. त्याच्या गावात पारा ४५ वर असतो. २०१३ च्या मे महिन्यात तर तो ४७.९ पर्यंत गेला होता. मुंबईत जेमतेम ३३. तरी तो म्हणतो, हे काही खरं नाही. त्याचं बरोबर आहे. हवामानवाले एक माप काढतात, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा लागू द्यायचा. फडक्यातलं पाणी उडताना फुगा गार होतो. पण हवेतच ओल मुरलेली असेल तर पाणी उडत नाही आणि फुगा गार होत नाही. आपल्या कातडीचं आणि घामाचं नेमकं हेच चालतं. नागपुरात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हे माप साधारण २४ येतं. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ते २८ च्या वर जातं. म्हणून नागपूरचा कूलर मुंबईत आणला की खोली गार व्हायच्या ऐवजी पापड तेवढे सादळतात.

स्टीवन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या दोघांनी २०१० साली मांडलं की हे माप ३५ वर गेलं की सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पीत बसलेला माणूससुद्धा काही तासांच्या वर तगणार नाही. पुढे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. त्यांची शरीरं ३१ च्या आसपासच हात टेकू लागली. मी तरुण नाही. वयाबरोबर घाम कमी सुटतो आणि तहानही उशिरा कळते. तेव्हा उकाडा आवडतो म्हणणाऱ्याने हे आकडे खिशात ठेवूनच बोलावं.

थंडीचे आकडेही आहेत. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला. तेरा देशांतली ३८४ ठिकाणं, सात कोटी चाळीस लाख मृत्यू. त्यातले ७.२९ टक्के थंडीपायी आणि ०.४२ टक्के उष्म्यापायी असा हिशेब निघाला. आणि थंडीचे बहुतेक बळी हाडं गोठवणाऱ्या लाटेत गेलेले नव्हते, साध्या, सोसवेल अशा वाटणाऱ्या गारठ्यात गेले होते. मी विजयी मुद्रेने हे बायकोपुढे ठेवलं. तिने देशांची यादी वाचली. त्यात भारत नव्हता. कागद परत आला.

आता त्या चढवण्याच्या मुद्द्याकडे. मुलगी शिकागोजवळ राहते, त्यामुळे थंडी म्हणजे काय हे मी निफाडच्या शेकोटीपुढेच फक्त शिकलेलो नाही. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३१ वर उतरला होता. अशा दिवसांत तिथल्या लोकल गाड्यांचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांलगत गॅसच्या ज्वाळा पेटवून ठेवतात. दुरून बघणाऱ्याला वाटावं रुळांना आग लागली आहे. रस्त्यावरचा बर्फ फावड्याने उपसून गाडीपुरती जागा केली की लोक तिथे एखादी मोडकी खुर्ची मांडून ठेवतात. ती जागा मग त्यांची. त्याला तिथे ‘डिब्ज’ म्हणतात आणि त्यावरून भांडणंही होतात. मला ती खुर्ची फार आवडली, लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला आवडणारच. पण एकूण पाहता त्या थंडीशी माणूस लढतो तो पैशाने. जाड भिंती, दुहेरी काचा, तळघरात घुमणारी भट्टी, टायर वेगळे, बूट वेगळे, गॅसचं बिल वेगळं. कोट चढवता येतो हे खरं, पण त्या कोटाच्या आत एक अख्खं घर चढवावं लागतं. ते एकदा चढलं की मात्र थंडी निमूट बाहेर उभी राहते. घड्याळात ती ढवळाढवळ करत नाही. सकाळी नऊला कामावर जायचं तर नऊला जाता येतं, दुपारी दोनला डोकं तितकंच चालतं.

उकाडा पैशाला तितका बधत नाही. मला ठाऊक आहे, इथे कोणीतरी एसी म्हणणार. त्या यंत्राची जन्मकथा मजेशीर आहे. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही, म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतली ओल काढणारी यंत्रणा बसवली. माणसाची नव्हे, कागदाची सोय म्हणून. पुढे त्याच यंत्राच्या जोरावर टेक्सास आणि फ्लोरिडा भरले, आणि शिकागोच्या बर्फाला कंटाळलेली आपली कितीतरी मंडळीही तिकडे सरकली. पण एसीचं सगळं बळ तारेतून येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात विजेचे खांब झोपले आणि काही गावांत दिवे लागायला कित्येक आठवडे गेले. जूनची हवा, छपरं उडालेली, वारा पडलेला. त्या दिवसांत भिंतीवरच्या एसीवर लोक ओले टॉवेल वाळत घालत होते.

माझ्या मते उकाड्याशी पैशापेक्षा वेळेने लढावं लागतं, आणि कोकणातली जुनी माणसं तेच करत आली. वडील तांबडं फुटायच्या आधी उठत. आठ-नऊपर्यंत बागेतलं शिंपण, झाडलोट, बाजारहाट आटपलेलं. अकराला जेवण. मग ओटीवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, पंचा उशाला घेऊन आडवं व्हायचं ते उन्हं कलेपर्यंत. चार वाजता पुन्हा दिवस सुरू, तो रात्री उशिरापर्यंत. बाहेरचा माणूस याला आळस म्हणतो. मी याला वेळापत्रक म्हणतो. खोल पडवी, उतरतं कौल, ताटातली सोलकढी, हे सगळं त्या वेळापत्रकाच्या जोडीने चालतं. त्याच माणसाला नऊ ते सहाच्या नोकरीत घाला, पायात मोजे चढवा, गच्च भरलेल्या लोकलमध्ये उभं करा. पडवी आणि सोलकढी काही उपयोगाची नाहीत.

खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी काय झालं ते आठवा. पुरस्काराचा सोहळा, लाखो माणसं मोकळ्या मैदानात, सकाळपासून दुपारपर्यंत. आजूबाजूला पारा ३८ च्या घरात. नागपूरकर त्याला ऊनही म्हणणार नाही. पण दमट हवेतले ते ३८ होते, आणि उठून सावलीत जाण्याची मुभा मैदानात बसलेल्यांच्या हातात नव्हती. चौदा माणसं गेली. कार्यक्रम सकाळी आठला संपवता आला असता, किंवा सूर्य मावळल्यावर सुरू करता आला असता.

इंग्रजांना हे पक्कं समजलं होतं, म्हणून मुंबईच्या गव्हर्नराने एका हवेची निवड कधी केलीच नाही. थंडीत मलबार पॉइंट, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंड. तिथल्या त्याच्या वाड्यात आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. फायली आणि कारकून मागून घाट चढत. ज्याला तीन पत्ते परवडतात त्याने हा लेख वाचण्यात वेळ घालवू नये.

शिकागोचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिने माझं मत बरंच घडवलं. बर्फाच्या त्या गावात जुलै १९९५ मध्ये दमट उष्म्याची लाट आली. पारा ४१ पर्यंत गेला, रात्रीही उतरेना, आणि पाच दिवसांत ७३९ माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्यावर ‘हीट वेव्ह’ नावाचं पुस्तक लिहिलं. एकमेकीला खेटून असलेल्या दोन गरीब वस्त्या त्याने तपासल्या. ज्या वस्तीतले रस्ते ओस पडलेले, दुकानं बंद, तिथे एकटे राहणारे म्हातारे चोरांच्या भीतीने खिडक्या बंद करून आत बसले आणि आतच गेले. शेजारच्या वस्तीत रस्त्यावर वर्दळ होती, भाजीची दुकानं होती. तिथले म्हातारे उकडायला लागल्यावर बाहेर पडले. मृत्यूंचं प्रमाण पहिल्या वस्तीत दुसरीच्या दहापट. थंडीत दार लावून घेतल्याने माणूस वाचतो. उकाड्यात तो दार उघडल्याने वाचतो. मला म्हातारपणासाठी दुसरी सवय जास्त बरी वाटते. आमच्या वाडीत मे महिन्यात संध्याकाळी एकही दार लोटलेलं नसतं, आणि कोण दोन दिवस ओटीवर दिसला नाही हे तिसऱ्याला लगेच कळतं.

निफाडचं मला वावडं नाही. डिसेंबरातली तिथली सकाळ, हातातला चहा आणि बाजरीची भाकरी यांना तोड नाही, फुटलेल्या टाचांना आमसुलाचं तेल माझ्याकडचंच लागतं एवढं सोडून. पण तिथली थंडी पाहुण्याला जेवढी गोड लागते तेवढी घरच्यांना लागत नाही. पारा चारच्या खाली गेला की मेहुणा झोपत नाही. पहाटे बागेत शेकोट्या, धूर, ठिबक चालू करून मुळांशी पाणी. तरी मण्यांना तडे जातात, पिंक बेरी येते, व्यापारी भाव पाडतो. उलट आमच्याकडे त्याच गारठ्याची वाट बघतात. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार पडल्या नाहीत तर हापूसला मोहोराऐवजी पालवी फुटते आणि मे कोरडा जातो. म्हणजे उकाड्यातलं सगळ्यात मोठं सुखही थंडीच्या मेहेरबानीवर आहे. बायकोने हे वाक्य वहीत लिहून ठेवावं इतक्या आनंदाने ऐकलं.

तिचा खरा मुद्दा मात्र वेगळा निघाला, आणि त्याला माझ्या कुठल्याच आकड्यात उत्तर नव्हतं. ती म्हणाली, ‘ओटीवर पडून उकाडा कोणालाही आवडेल. माझा उकाडा स्वयंपाकघरातला आहे. पंखा लावला की गॅस फडफडतो, म्हणून पंखा बंद. सकाळी डबे, दुपारी जेवण, रात्री पुन्हा पोळ्या. तुझ्या वेळापत्रकात मी कधी आडवी झाले ते सांग.’ माझी आई अकराचं जेवण दहा वाजता चुलीपुढे बसून करायची, एवढं मला सांगता आलं. ते तिच्याच बाजूने पडलं.

तरीही आम्ही दापोलीच धरली आहे, माझ्या हट्टापेक्षा तिच्या अटींवर. गाव समुद्राजवळ असूनही उंचावर आहे, १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी छावणी टाकली ती याचसाठी, आणि हिवाळ्यात तिथे किनाऱ्यापेक्षा चांगलंच गार पडतं. स्वयंपाकघराला समोरासमोर दोन खिडक्या. शेगडी दारामागे, वाऱ्याच्या वाटेबाहेर. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर गॅस पेटणार नाही. रात्री दहीभात, किंवा ज्याला पोळी हवी त्याने लाटावी. डिसेंबर-जानेवारी निफाडला, हे तिने मला न विचारताच भावाला कळवलं आहे.

ज्यांचं घड्याळ अजून दुसऱ्याच्या हातात आहे, त्यांनी शक्य असेल तर कोरडी, थंड हवाच निवडावी, असं मी बिनदिक्कत सांगेन. ज्यांचं ते सुटलं आहे त्यांनी माझ्या बाजूला यायला हरकत नाही. फक्त घर बघायला डिसेंबरात जाऊ नका, तेव्हा कोकणातलं कुठलंही घर छान वाटतं. मे महिन्यात जा, रात्री मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात पंखा बंद करून दोघांनीही एकेक तास पोळ्या लाटा. विसार त्यानंतर द्या.