कॅलेंडर पाहून कापलेला घास

तुमच्यापैकी कितीजणांनी लसूणघास पाहिला आहे? नावात लसूण असला तरी त्याचा फोडणीशी काही संबंध नाही बरं का! मेथीसारखी तीन-तीन पानं, जांभळी फुलं. एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचं. विळा फिरवला की बुडातून पुन्हा फुटतो.

मी आठवीत असतानाची गोष्ट. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या वावरात विहिरीच्या कडेला लसूणघासाचे चार वाफे होते. दिवाळीत गाय व्याली आणि घास कापायचं काम माझ्याकडे आलं. ऑक्टोबरात पंचवीस दिवसांत घास गुडघ्याला लागला होता. मग काय, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर पंचविसाव्या दिवशी लाल फुली मारून ठेवली. स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश होतो!

डिसेंबरात फुलीचा दिवस आला तेव्हा घास जेमतेम वीतभर. तरी कापला. जानेवारीत तर चार बोटंच होता. तोही खरवडून कापला. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं, शेजारच्या वावरातला घास तरारला आणि आमच्या वाफ्यांत मात्र टक्कल पडलेलं. आबाजींनी एक बूड हाताने ओढलं, ते अलगद उपटून आलं.

"काऊन रे बाबू, घास का तुह्यं क्यालेंडर वाचून वाढते?"

एवढंच बोलले. पण गाईचं दूध आटलं, नुसत्या कुटारावर ती किती देणार? सरकी ढेप उधारीवर आणावी लागली. आई त्या उधारीचा हिशेब करायला बसली की मी घराबाहेर पळायचो.

असं का झालं? घास कापला की पानं जातात, म्हणजे स्वयंपाकघरच जातं. मग नवे कोंब मुळात साठवलेल्या शिदोरीवर वाढतात. पानं पुरेशी मोठी झाली की ती ही शिदोरी पुन्हा भरतात. आता बघा, आपल्या अकोला-अमरावतीकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा. वर रात्री कडाक्याच्या. ऊन कमी, गारठा जास्त, त्यामुळे कोंब हळू वाढतात. शिवाय दिवस लहान झाले की लसूणघास वर वाढण्यापेक्षा मुळात साठवण्याकडे वळतो. मी नेमका त्याच वेळी, शिदोरी भरण्याआधीच, दोनदा विळा चालवला होता.

(सगळाच चारा असा नाही हं. बरसीमला हाच गारठा मानवतो, पण उन्हाळ्यात तो टिकत नाही.)

एरवी थोडी फुलं दिसू लागली की लसूणघास कापायचा, अशी खूण असते. पण लहान दिवसांत फुलं लवकर येतच नाहीत. मग काय पाहायचं? आबाजी वाफ्यात उकिडवे बसून पाती बाजूला करायचे आणि बुडाशी नवे हिरवे कोंब डोकावतात का ते बघायचे. कापतानाही जमिनीपासून चार बोटं सोडायचे.

नवा घास पुढच्या पावसाळ्यानंतर पेरला. त्या वर्षीच्या डिसेंबरात मी रोज वाकून बुडाशी बघत असे. आबाजींनी विळा माझ्या हातात दिला तो चौतिसाव्या दिवशी.